चुकीचे हत्यार

सासूबाईंनी काउंटरवरचे, पाईपचे तोंड फुलवायचे हत्यार उचलले, कानाशी नेऊन त्याचा स्क्रू फिरवला आणि बंद पडलेले घड्याळ ऐकावे तशा थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"करकरतंय," त्या म्हणाल्या.

"नवीन आहे म्हणून, मावशी." दुकानदार उंच स्टुलावर बसला होता आणि दुपारचे जेवण त्याच्या पापण्यांवर येऊन बसले होते. "पण पाईप स्टेनलेसचा आहे म्हणता ना? मग हे नका घेऊ. हे तांब्यासाठी. तांबं बिचारं सांगाल तसं वागतं. स्टेनलेस म्हणजे हट्टी काम. ह्यात तो घसरेल, नाहीतर तोंड फुलवताना चिरेल."

त्याने मागच्या फळीवरून दुसरे हत्यार काढले. ते जड होते, काळसर होते, आणि त्याच्या जबड्यांमध्ये एक लहानसा चकचकीत शंकू बसवलेला होता.

"हे बघा. ह्याचा शंकू सदतीस अंशांचा. तुम्ही आत्ता घेतलेले जोडही सदतीसचेच. त्या पहिल्याचा पंचेचाळीसचा. पंचेचाळीसचं तोंड ह्या जोडात घातलं तर बसल्यासारखं दिसतं. बसत नाही. केसाएवढ्या रेघेवर टेकतं. आणि ब्रेक दाबला की ऑईल बरोबर तीच रेघ शोधून बाहेर येतं."

जावयाने मान डोलावली. हे सगळे त्याला आधीच ठाऊक होते. योग्य हत्यार कोणीही निवडतो. दुकानदाराला विचारले की काम झाले. पण नेमके चुकीचे हत्यार निवडायचे, तेही शेजारी उभ्या असलेल्या सासूला पटेल अशा कारणाने, तर विषयाचा सखोल अभ्यास लागतो. तो त्याने केला होता. सकाळी कॉलेजात तो तर्कशास्त्र शिकवत असे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपला विषय व्यवहारात उपयोगी पडतोय असे त्याला वाटत होते.

"हे पहिलंच बरं," तो म्हणाला. "हलकं आहे. आई, तुम्हाला धरायलाही सोपं."

दुकानदाराची झोप उडाली. त्याने आधी जावयाकडे पाहिले, मग सासूबाईंकडे. सासूबाई जावयाकडे पाहत होत्या. चष्म्याच्या काचांवर दुकानातली ट्यूबलाइट पडल्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते.

"तोंड तुम्ही फुलवणार," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल ते."

त्याच्या बायकोने त्याला एकच काम दिले होते. आईची गाडी रस्त्यावर येता कामा नये. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यानंतर आईने पहिल्याच फेरीत फाटकाचा खांब आडवा केला होता. खांब आधीपासूनच कलला होता, असे आईचे म्हणणे. त्यानंतर ब्रेकचे ऑईल गळू लागले. मेकॅनिकने गाडीखाली शिरून, बाहेर येऊन, हात पुसत सांगितले की पाईप सगळे गंजलेत, इतक्या जुन्या गाडीचे तयार मिळत नाहीत, हाताने करावे लागतील आणि त्याला तेवढा वेळ नाही. बायकोला वाटले, सुटलो. तेव्हाच सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू करतील की." स्वयंपाकघरातला नळ आपण स्वतः दुरुस्त केला ही गोष्ट त्याने त्यांना जेवताना दोनदा सांगितली होती, त्याची ही फळे.

"नाही म्हणू नकोस," बायकोने रात्री समजावले होते. "आईला नाही म्हटलं की ती करून दाखवते. तू हो म्हण, आणि जमवू नकोस. तेवढं तुला येतं."

पाईप वाकवायला वेगळे हत्यार लागणार होते; त्याबद्दल मात्र बायको काही बोलली नव्हती. म्हणून ते त्याने दुकानातले सर्वांत चांगले घेतले.

सासूबाईंच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी ठोकळ्यांवर उचलून ठेवली होती. तिच्या पोटाखालून काढलेले जुने पाईप सासूबाईंनी जमिनीवर एका पांढऱ्या चादरीवर मांडले होते, जसेच्या तसे, ज्या जागचे त्या जागी. पत्र्याच्या फटीतून येणारा उन्हाचा पट्टा त्या चादरीवरून दुपारभर सरकत असे. गाडी बाजूला उभी असली तरी चादरीवर तिची एक सावली राहिल्यासारखी दिसे: इथे चाक, इथे टाकी, इथे उगाचच दिलेले एक वळण.

सुरुवात पेट्रोलच्या पाईपने केली. तो जाड होता, आणि त्याची टोके रबरी नळीत अडकवायची असल्यामुळे तिथे तोंडबिंड फुलवायचा प्रश्न नव्हता, नुसते वाकवायचे. जावई गोल खाचेत पाईप बसवी आणि दांडा हळूहळू खाली आणी. पाईप आधी नाही म्हणे, मग जरा विचार करी, आणि मग झोपेत कूस बदलावी तसा वळे. चुरगळणे नाही, चपटा होणे नाही. सासूबाई दुसरे टोक दोन बोटांत धरून बसत. वळताना उजेडाचा एक थेंब पाईपवरून त्यांच्या हातापर्यंत घरंगळत जाई आणि त्या बोट उचलून त्याला जाऊ देत.

"तुमचे सासरे ह्या गाडीत जन्मभर बाजूला बसले," एकदा त्या म्हणाल्या. "चालवायला शिकले नाहीत. मोठ्यानं पेपर वाचायचे. शहराबाहेर पडलो की बातम्या संपायच्या, मग जाहिराती वाचायचे."

"आणि त्या संपल्यावर?"

"झोपायचे. मग खरी मजा यायची गाडी चालवायला."

तो हसला आणि पुढचे वळण मोजायचे विसरला. मोजायची तशी गरजही उरली नव्हती. हाताला कळत होते. त्या दिवसांत तो कॉलेजात वर्गात उभा राहून फळ्यावर एखादे विधान लिही आणि त्याच्या शेवटी खडू आपोआप एक अलगद वळण घेई. मुले ते वहीत उतरवून घेत. रात्री स्वप्नात तो स्वतःच एका लांबलचक चकाकत्या पाईपमधून वाहत जाई, वळणावळणाने, कुठेही न अडखळता, आणि सकाळी उठल्यावर त्याला फार विश्रांती मिळाल्यासारखे वाटे.

"कुठवर आलंय?" बायको जेवताना विचारी.

"वाकवतोय."

"अजून?"

"हट्टी असतं ते."

"छान," बायको म्हणे, आणि त्याला आणखी वाढी.

मग ब्रेकचे पाईप आले. हे बारीक होते, आणि ह्यांच्या दोन्ही टोकांना तोंड फुलवायचे होते, धोत्र्याच्या फुलासारखे. हलके हत्यार टेबलाच्या कडेला आवळले गेले. जावयाने नट आणि त्याच्या आत बसणारी नळीसारखी बाही आधी पाईपवर सरकवून घेतली, कारण हे विसरले की फुललेल्या तोंडावरून नट जात नाही आणि सगळे पुन्हा करावे लागते. गोंधळ घालायला आलेला माणूस हे विसरला असता तर शोभलेही असते. पण हाताने ते त्याला न विचारता केले.

पहिले तोंड चिरले. दुसरे घसरून वाकडे झाले. तिसरे बरे दिसते आहे म्हणेपर्यंत त्याच्या काठावर भेग उमटली. सासूबाई दर वेळी चिरलेला तुकडा करवतीने कापून देत, काठ कानशीने घासून गुळगुळीत करून देत आणि पाईप पुन्हा पुढे करत. जावई बायकोला रोज खुशाली कळवी. योजना अगदी ठरल्याप्रमाणे चालली होती, आणि तो दिवसेंदिवस खचत चालला होता.

"तुमची बायको मला शनिवारी नेते," एक दुपारी कानस चालवता चालवता सासूबाई म्हणाल्या. "बाजार, दवाखाना, परत घरी. नेते हो बिचारी, कधी चुकवत नाही. पण कुठे वळायचं ते तीच ठरवणार." त्यांनी पाईपवर फुंकर मारली. "मला कधीकधी चुकीच्या गल्लीत वळायचं असतं. काही काम नसतं तिथे. नुसतं बघायचं, पुढे काय आहे ते."

"आणि पुढे काही नसलं तर?"

"मग मागे घ्यायची. रिव्हर्स मला चांगली जमते. खांब पुढे होता."

त्याच दुपारी एक तोंड चिरले नाही.

ते गोल, चकचकीत आणि निर्दोष दिसत होते. सासूबाईंनी ते जोडात बसवले, नट हाताने फिरवला, मग पाना लावून घट्ट केला. हलवून पाहिले. हलेना. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी सैल झाले.

"झालं की," त्या म्हणाल्या. "जमलं तुम्हाला. सगळी अशीच करायची. रविवारी गाडी बाहेर."

जावई त्या जोडाकडे पाहत राहिला. बसल्यासारखे दिसत होते. आपल्या तर्कात नेमकी कुठे भेग होती हे त्याला आत्ता दिसले. जे हत्यार काहीच जमू देणार नाही म्हणून आणले, ते अर्धवट जमवून देईल हे त्याने धरलेच नव्हते. गाडी बंदच राहिली तर त्याची बायको सुखी. गाडी सुरू होऊन धड थांबली तर त्याच्या सासूबाई सुखी. पण सुरू होऊन, दोनचार वेळा थांबून, एखाद्या उतारावर न थांबणारी गाडी त्या दोघींपैकी कोणीच मागितली नव्हती. ती त्याची एकट्याची निर्मिती होती.

त्याने पाना घेतला, जोड सोडवला आणि करवत उचलली. चांगले दिसणारे तोंड कापून वेगळे झाले आणि टणकन फरशीवर पडले.

सासूबाई त्याच्या हाताकडे पाहत होत्या.

"हे टेकतं फक्त," तो म्हणाला. "केसाएवढ्या रेघेवर."

"असं?"

"हत्यार बदलावं लागेल."

त्या उठल्या. साडीवर पडलेला कीस झटकला, दाराच्या खिळ्यावरची पिशवी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"जड आहे ते," त्या म्हणाल्या. "पिशवीचे दोन्ही बंद धरा."

त्या रात्री जेवताना त्याने बायकोला सांगितले. तिने वाढता वाढता डाव थांबवला.

"का बदललंस?"

"पहिलं चुकीचं होतं."

"ते चुकीचंच हवं होतं."

"एक जोड बसल्यासारखा दिसला. त्या तशाच घेऊन निघाल्या असत्या."

"मग सांगायचं, जमत नाही म्हणून."

"जमत होतं," तो म्हणाला.

बायकोने डाव भांड्यात ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ असलेला ओटा तिने बराच वेळ पुसला. परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, पण नाक लाल होते. "तिला काही झालं तर," ती म्हणाली, आणि वाक्य तिथेच ठेवून झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्यानंतरही आठवडाभर ती त्याच्याशी फक्त दूध आणि किल्ल्या ह्यांबद्दल बोलली.

नव्या हत्याराने पाईप चिरत नव्हता. दांडा फिरवला की धातू आतून बाहेर उमलत जाई, आवाज न करता, आणि तोंड जोडात बसले की बसे. एकेक पाईप चादरीवरून उठून गाडीच्या पोटाखाली गेला. शेवटी चादर नुसती चादर राहिली. सासूबाईंनी ती झटकून धुवायला टाकली.

आता ब्रेकमधली हवा काढायची बाकी होती. ह्याला दोन माणसे लागतात. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने खाली चाकाशी आडवे होऊन छोटा नट सोडायचा, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत जाऊ द्यायचे, नट आवळायचा. मग पुन्हा.

"दाबा," जावई गाडीखालून म्हणाला.

"दाबलं," वरून सासूबाई म्हणाल्या.

बुडबुडे आले, मोठे, घाईघाईने.

"सोडा."

दुपार पुढे सरकत होती. गाडीखाली गार होते आणि तेलाचा वास येत होता. दाबा, दाबलं, सोडा. कोणीतरी श्वास घेतल्यासारखे वर पेडल उतरे आणि चढे. बुडबुडे लहान होत गेले. त्याचे डोळे मिटायला आले होते, तेवढ्यात चाकाच्या पलीकडे दोन सँडल येऊन थांबल्या. बायकोच्या. एरवी ह्या वेळी ती ऑफिसात असे.

सँडल जरा वेळ एका जागी उभ्या राहिल्या. त्यातली एक टाच उचलली गेली आणि पुन्हा टेकली.

मग पुढचे दार उघडले. सासूबाईंच्या चपला आधी एक, मग दुसरी, अशा जमिनीवर उतरल्या आणि बाजूला झाल्या. सँडल वर गेल्या. दार लागले. सीट पुढे ओढल्याचा आवाज आला.

"दाबा," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"दाबलं," बायकोचा आवाज आला.

नळीतून ऑईल सरळ, स्वच्छ वाहिले. त्याने नट आवळला.

"झालं. सोड. हवा संपली."

"अजून एकदा."

"बुडबुडे थांबलेत, अगं."

"मला पेडल मऊ लागतंय," ती म्हणाली. "अजून एकदा."

"पाय पूर्ण टेकव," बाहेरून सासूबाई म्हणाल्या. "अर्धवट दाबू नकोस."

"टेकवलाय, आई."

त्याने पाना फिरवला. नळीत काही नव्हते, नुसता उजेड. मग अगदी शेवटी, मोहरीहून बारीक, एक बुडबुडा आला आणि सावकाश बाटलीत गेला.

"आला," तो म्हणाला.

"मला माहीत होतं," वरून उत्तर आले. "आता दुसरं चाक."