धाकटीच्या प्रथिनाची घडी

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे कपाटाएवढा, स्वतःचा पडदा नसलेला संगणक. एका कारखान्यात हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे भाग जोडले आणि खोक्यात बसून मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात आलो. माझ्यासाठी खास थंड खोली होती. विभागप्रमुख सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता पोरं परीक्षानळ्या कमी फोडतील!" सगळे हसले.

माझं काम असं. आपल्या शरीरातलं प्रत्येक प्रथिन म्हणजे एक लांब माळ असते. ती ठरावीक तऱ्हेनं दुमडली तरच कामाला लागते. घडी बिघडली की माणूस आजारी पडतो. विद्यार्थी प्रकल्पासाठी मला प्रथिनाचा आकार देत, सोबत औषधी रेणूंचा ढीग देत. कोणता रेणू प्रथिनाच्या खाचेत नीट बसून बिघडलेली घडी सावरू शकेल, ते मी एकेक करून बघायचो. पोरं माझ्यावर खूश असत.

त्यांत एक मुलगी होती. माझं गणित सुरू होताच "झालं का?" विचारायची, म्हणून सगळे तिला घाईताई म्हणत. तिच्या धाकट्या बहिणीचे स्नायू हळूहळू दुबळे होत चालले होते. त्या आजारात जे प्रथिन बिघडतं, तेच तिनं प्रकल्पाला निवडलं.

"दुसरं काहीतरी घे गं," सर म्हणाले. "घरचं दुखणं असं समोर घेऊन बसलीस तर डोकं शांत कसं राहील?"

तिनं ऐकलं नाही.

एका दुपारी एक रेणू खाचेत अगदी चपखल बसला. घाईताईनं माझ्याशेजारी उभं राहूनच घरी फोन लावला. "आई, सापडलं गं!" पलीकडे आईला हुंदका आवरेना. मग धाकटीचा आवाज आला, "ताई, मी सायकल चालवीन ना?"

"चालवशील! मला मागे बसवून चालवशील."

पुढच्या आठवड्यात ती आणि तिचा प्रकल्पातला जोडीदार लंबू सादरीकरणासाठी चित्रं तयार करत होते. माझ्याशी जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर प्रथिन फिरवता फिरवता ती थबकली. प्रथिनाचा आकार ज्या प्रयोगातून मिळाला होता, त्यात माळेचा एक तुकडा दिसलाच नव्हता. ती जागा प्रोग्रॅमनं अंदाजानं भरली होती, आणि तिचा रेणू नेमका त्या अंदाजालाच चिकटला होता.

"परीक्षकांच्या लक्षात येणार नाही," लंबू हळूच म्हणाला.

"परीक्षकांचं जाऊ दे रे. घरी काय सांगू?"

तिनं तो तुकडा मोकळा सोडून मला पुन्हा कामाला लावलं. या वेळी तिनं एकदाही "झालं का?" विचारलं नाही. तुकडा हलला, खाच मिटली आणि रेणू बाहेर पडला.

फोनवर ती म्हणाली, "आई, माझी घाई झाली. औषध नाही सापडलं."

 आई म्हणाली, "धाकटीनं शाळेत सगळ्यांना सांगून टाकलंय गं. आता तिला तूच सांग."

तिनं सांगितलं. कोणत्या शब्दांत, ते मला ऐकू आलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती.

सादरीकरणात ती उभी राहिली आणि म्हणाली, "आमचा रेणू या प्रथिनात बसत नाही. का बसत नाही, ते दाखवते." लंबू तिच्या बाजूला उभा होता. सर मान खाली घालून ऐकत राहिले.

ती शिकून गेली. धाकटीचं पुढं काय झालं, ते मला कळलं नाही. यंत्राला असलं कोण सांगतं?

मग नवा सर्व्हर आला. माझ्या खोलीतला गारवा बंद झाला. आता माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या आहेत आणि झाकणावर फरशी पुसायचं फडकं वाळत असतं. पलीकडच्या खोलीतून नव्या पोरांचे आवाज येतात. कुणी "सापडलं!" म्हणून ओरडलं की, मला काळीज नसलं तरी धस्स होतं.

मित्रांनो, माझी धूळ पुसलीत तर बरं वाटेल. नाही पुसलीत तरी चालेल. पण आमच्यासारख्यांनी दिलेलं उत्तर घरी कळवण्याआधी एकदा नीट उलटंसुलटं करून बघा. तिकडे कुणीतरी ते खरं मानून बसतं.