सेलिनच्या खुर्चीत

माझी बायको सेलिन गेल्याचा फोन इस्पितळातून आला, तेव्हा तिच्या कॉम्प्युटरवर अपग्रेड अर्धवट थांबलं होतं. चर्चच्या गायनाच्या चाली ती ज्यात बसवायची, ते जुनं सॉफ्टवेअर काढू का, असं स्क्रीन विचारत होती.

आमची जीना म्हणाली, "डॅडी, ॲप्टची कमांड देते, ते न विचारता सगळं बसवतं-काढतं. झटकन होईल, पण जुनं जाईल."

"मम्मी त्याऐवजी ॲप्टिट्यूड हा प्रोग्राम वापरायची."

"ते सारखं विचारत बसतं."

"ती 'नाही' म्हणायची, मग ते दुसरा मार्ग सुचवायचं."

मी तिच्या खुर्चीत बसून ॲप्टिट्यूड सुरू केलं. वाडीतल्या केळीच्या पानांची सावली कीबोर्डवर हलत होती. मला त्यात तिची बोटं दिसली. 'नाही' कोणी दाबलं, तिने की मी, सांगता येणार नाही. स्क्रीनवर आलेल्या नव्या मार्गात तिचं सॉफ्टवेअर राहत होतं.

आता फक्त 'हो' म्हणायचं आहे. ते मी अजून म्हटलेलं नाही; म्हटलं की तिची बोटंही कीबोर्डवरून उठतील.