त्या दिवशी बटण अडकलं नाही

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमचा एक जुना कंट्रोलर आहे. माझी गोष्ट सांगताना मान वर करवत नाही, पण सांगायला हवी.

कारखान्यातून मी या घरात आलो तो इथल्या लेकीसाठी. तिची बोटं भराभर चालत. लढाईच्या खेळात ती शहरात पहिली आली, तेव्हा मला उंच धरून तिने फोटो काढला. मी भलताच शेफारलो. असे खेळतात तेच खरे खेळाडू, बाकी सगळे हौशे-नवशे, असं मला वाटू लागलं.

लेकीची आई नर्स होती. ड्युटीवरून आली की पाय वर घेऊन अर्धा तास बागेचा खेळ खेळायची. रोपं लावायची, पाणी घालायचं, बस. लेकीच्या मैत्रिणी हसायच्या, "काकू, यात जिंकतं कोण?"

"अगं, वॉर्डात कितीही केलं तरी माणूस वाचेलच असं नाही," आई म्हणायची. "इथं पाणी घातलं की रोप जगतंच."

मला मात्र तिच्या हातात कमीपणा वाटे. माझं गोल बटण अधूनमधून अडकायचं. तिच्या हातात मी ते मुद्दाम जास्त अडकवायचो.

एका सुट्टीच्या दिवशी लेकीला नवा लढाईचा खेळ टाकायचा होता. मशीनमध्ये जागा उरली नव्हती. पडद्यावर प्रश्न आला, 'बागेचा खेळ कायमचा पुसायचा?' अकरा महिन्यांची बाग होती ती.

"आई काय, परत लावेल," असं पुटपुटत लेकीने 'हो' म्हणायला गोल बटण दाबलं. मी ते अडकवलं नाही, ते अलगद आत गेलं.

संध्याकाळी आईने बाग खूप वेळ शोधली. लेकीने खाली मान घालून सांगितलं. "असू दे, खेळच होता तो," म्हणत आई भाजी निवडायला गेली. त्यानंतर तिने मला हात लावला नाही.

काही महिन्यांनी लेकीने बागेचा खेळ स्वतःच परत टाकला. "आई, ये ना. पहिलं रोप तूच लाव."

आई आली. तिने गोल बटण दोनदा दाबलं. आता ते म्हातारपणाने खरंच अडकलं होतं.

"थांब, नवा कंट्रोलर आणते."

"नको गं. माझ्यावर रुसलाय वाटतं," आई हसली. तिने ते बटण अंगठ्याने हळूहळू चोळलं आणि पुन्हा दाबलं. रोप लागलं.

मित्रांनो, मी रुसलो नव्हतो, शरमेने मेलो होतो. कुणाचा खेळ तुम्हाला फालतू वाटला, तरी पुसण्याआधी त्याला एकदा विचारा. माझ्यासारखं मागाहून लाजण्यात काही राम नाही.