कुशीतला निळा उजेड

मी एक जुनी, बाळाच्या मापाची चादर आहे. सुताची नव्हे हं, प्लॅस्टिकची. आणि वीज दिली की अंगभर निळी उजळणारी. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, "काहीतरीच! प्लॅस्टिकमधून कुठे वीज जाते?" तुमचंही बरोबरच आहे. माझे भाऊबंद, म्हणजे बादल्या, डबे, तारेवरचं वेष्टण, विजेला दारातही उभं करत नाहीत. तिच्याशी पटलं ते फक्त आमच्या शाखेचं.

माझा जन्म प्रयोगशाळेतल्या बंद काचेच्या पेटीत झाला. पेटीच्या लांब हातमोज्यांत हात घालून संशोधक बाईंनी माझे थर शाईसारखे पसरले. एक वीज वाहून नेणारा, दुसरा उजेड देणारा. मग कडा घट्ट चिकटवल्या, कारण हवा आणि ओल आमच्या जिवावर उठतात. "एकुलती एक आहे, जपा हो," असं बजावून त्यांनी मला इस्पितळात धाडलं.

तिथे बाळांच्या काविळीवर निळा उजेड देतात. त्यासाठी बाळाला आईपासून दूर, दिव्यांखाली ठेवावं लागे. मला मात्र बाळाभोवती गुंडाळलं की आईला त्याला कुशीत घेता येई.

एकदा एक पिवळीधमक चिमुरडी आली. दिव्यांखाली ठेवली की रडून आकांत करी, दूध म्हणून घेईना. तिची आई काकुळतीला आली. "ताई, ती चादर द्या ना हो!"

नर्सताई मला आणायला गेल्या, तर मी दोरीवर वाळत! वॉर्डातल्या मावशींचा नेमच होता, बाळाच्या अंगाला लागलेलं सगळं धुवायचं. माझी नुसती खोळ धुवायची, तर त्यांनी मलाही साबणात बुचकळलं होतं.

"अहो मावशी, काय केलंत हे!"

"बाळाचं ना ते? मग स्वच्छ नको?" म्हणता म्हणता मावशींचा चेहरा उतरला.

तंत्रज्ञ दादांनी मला कोरडं केलं, सुटलेली कड चिकटवली, सगळं तपासलं आणि बटण दाबलं. मी जीव एकवटून उजळले. एक कोपरा तेवढा काळा राहिला.

"चालेल. काळा कोपरा बाहेर ठेवा," दादा म्हणाले.

आईने पोरीला माझ्यासकट छातीशी धरलं. पोर मुसमुसली, गप्प झाली आणि चुटुचुटु दूध प्यायला लागली. आई रडत होती, मावशीही. हळूहळू पोरीचा पिवळेपणा उतरला. तेव्हापासून मावशी माझ्या राखणदार झाल्या. "ओल्या हाताने शिवायचं नाही!" असा त्यांचा दरारा!

आता नव्या चादरी आल्यात. माझा काळा डाग पसरत गेला आणि मी कपाटात विसावले. पण तक्रार कसली? इतक्या आयांच्या मिठीत मी राहिले, हे भाग्य कुणाला लाभतं? एवढंच सांगते मित्रांनो, नाजूक वस्तूवर माया करा, पण तिला काय सोसतं ते आधी विचारा.

परवा तीच मुलगी, आता मोठी झालेली, वॉर्डात आईला आणि नव्या धाकट्या भावाला बघायला आली. मावशींनी मला बाहेर काढलं.

"आई, मी हिच्यात होते?"

"नाही गं, तू माझ्या कुशीत होतीस. हिच्यामुळे."