सुलक्षणाबाईंच्या वाट्याचे सहा सैनिक

इंग्लंडमधल्या एल्डरबी गावात, बाजारचौकातल्या एकूण एक दारावर खडूने आकडा पडला, सुलक्षणाबाईंचं दार तेवढं कोरं राहिलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या यादवीत राजाच्या फौजेने हे गाव ताब्यात घेतलं होतं. ज्या घरावर जितके सैनिक लादले, तितका आकडा दारावर. एकोणीसशे त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये गाव त्याचंच दोन दिवस नाटक करणार होतं.

बाई चोवीस वर्षं या गावच्या डॉक्टर. नाटकातल्या निम्म्या फौजेला लहानपणी लशी त्यांनीच टोचलेल्या. त्या तडक नाटकाच्या कमिटीतल्या मिस्टर हॅलमकडे गेल्या. तो बिचारा कानकोंडा झाला. तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून वगळलं, म्हणाला. सौजन्यच ते, पण असलं सौजन्य फार झोंबतं.

लंडनजवळच्या पिनरहून लेकीने, मंजिरीने, फोनवर समजावलं, "आई, let it go ना. It's their history."

"घर सोळाशे वीसचं आहे," बाई म्हणाल्या. "त्याने तेव्हा सैनिक सोसले. आता घर माझं, तर सैनिकही माझे."

दुसऱ्या दिवशी दारावर सहाचा आकडा आला.

शनिवारी सहा आडदांड गडी भाले घेऊन आत घुसले. घरमालकिणीने तणतणायचं, असं ठरलेलं. बाईंनी त्यांना बूट काढायला लावले, हात धुवायला लावले आणि वरण-भात, बटाट्याची भाजी वाढली. फौज पायमोज्यांवर मुकाट जेवली, वर भात मागून घेतला. शत्रूला कोणी असं पोसतं का, म्हणून शेजारच्या डोरोथीने नाक मुरडलं. उपाशी माणूस घरात ठेवणं आम्हाला जमत नाही, असं बाईंनी तिला सांगून टाकलं.

रविवारी फौज गाव सोडणार होती. ढोल वाजला की सगळ्यांनी मुठी उगारून ओरडायचं, "चालते व्हा! आलात तिकडे परत जा!" बाई पहिल्या रांगेत, डोक्याला बोनेट, शेजारी डोरोथी. याच जागेसाठी त्या भांडल्या होत्या. गावातलंच एक होऊन गावाबरोबर ओरडायचं होतं त्यांना.

ढोल वाजला. गाव ओरडलं. बाईंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. हे वाक्य त्यांनी याच चौकात ऐकलं होतं, एकाहत्तर साली, मंजिरी कडेवर असताना. तेव्हा त्यांच्यावर एकच बाई ओरडली होती, आणि ती आता त्यांच्या उजव्या हाताला उभी होती. इतक्या वर्षांत दोघींनी तो विषय कधी काढला नव्हता. बाईंना रडूही आलं, रागही आला. दोन्ही गिळून त्यांनी आपल्या सहा जणांकडे पाहिलं. आपल्यात निघालेल्या माणसाला 'जा' म्हणायची रीत नाही.

"या हं परत," त्या मराठीत, खणखणीत आवाजात म्हणाल्या.

अर्थ कळला नाही, तरी सहाही जणांनी टोप्या काढल्या.

"आपलं वाक्य हे नव्हतं," डोरोथी पुटपुटली.

"ते वाक्य तुमचं, डोरोथी. मला बावीस वर्षं पाठ आहे."

डोरोथीची मूठ हळूहळू खाली आली. गाव अजून ओरडत होतं. ती त्यानंतर एकदाही ओरडली नाही.