आठवा तुरुंग

कुणाला किती शिक्षा होते आणि का, यावर मी वीस वर्षं घालवली. दोनशे बारा कैद्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांनी ज्यांचं वाटोळं केलं त्यांच्या घरीही जाऊन बसले. सात तुरुंग पालथे घातले. आठवा नमुन्यातून वगळला. कारण लिहिलं, 'हितसंबंध'. तिथे माझा दादा आहे. नऊ वर्षांपूर्वी भांडणात त्याने मित्राला ढकललं, मित्र जिन्यावरून पडला आणि गेला. दादाला दहा वर्षांची शिक्षा झाली.

त्याला मी एकदाही भेटले नव्हते. लाज वाटायची म्हणून, असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. परक्यांसमोर मी दगड होऊन टिपणं काढते; त्याच्यासमोर ते जमणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. आणि आठवण तर अशी यायची की वर्गात 'सरासरी शिक्षा' म्हणताना घसा बसायचा. विद्यार्थ्यांना वाटायचं, बाईंना सर्दी झाली.

आई दर महिन्याला जायची. यंदा तिचे गुडघे गेले.

"तू जा," ती म्हणाली.

"आई, आमचे नियम असतात."

"दोनशे परक्यांची दुखणी विचारत फिरलीस. सख्खा भाऊ तेवढा नियमात बसेना होय?"

मी प्राध्यापक आहे, पण आईशी वाद घालण्याइतकी खुळी नाही. गेले.

फाटकावरच्या फॉर्ममध्ये 'भेटीचं कारण' विचारलं होतं. हाताने सवयीने लिहिलं, 'संशोधन'.

"त्याला परवानगीचं पत्र लागतं, मॅडम," शिपाई म्हणाला.

मी खोडून 'बहीण' लिहिलं. "ते नात्याच्या रकान्यात," तो वैतागला, पण आत सोडलं.

जाळीपलीकडे दादा. केस पांढरे, कान तसेच बाहेर आलेले. मी रडायच्या बेतात, तर हा हसला.

"या, पंतोजी. तुझा अहवाल आमच्या ग्रंथालयात आलाय. तीनदा वाचला. आपला तुरुंग काही सापडेना."

"वगळला होता रे."

"हां. मी आपला शेवटच्या पानापर्यंत शोधत होतो." मग म्हणाला, "मागे प्रश्न छापलेत ना, त्यांची उत्तरं पाठ केलीत. म्हटलं, येशील कधीतरी वही घेऊन. विचार आता."

सत्तेचाळीस प्रश्न, सगळे मीच लिहिलेले. एकही आठवेना.

"नीट जेवतोस ना रे?"

"हा त्यात नव्हता," दादा म्हणाला, आणि त्याने जाळीवर कपाळ टेकलं.