चपलेचा बेडूक

"उलटला! पुन्हा उलटला हा हरामखोर," दुलीचंद म्हणाला.

बादलीतल्या पाण्यावर बेडूक पोट वर करून पडला होता. रबरी चपलेच्या तळव्यातून ब्लेडनं कोरलेला, पाठीवर दोन टोकांचा गळ, मागं सायकलच्या ट्यूबचे कापलेले दोन पाय. खऱ्या बेडकाला पोटावर पोहायला कुणी शिकवत नाही. पण या चपलेच्या बेडकांची जातच आगाऊ! एक कुशीवर जायचा, एक नाक खुपसून बुडायचा, आणि आजचा हा पोटभर जेवलेल्या जावयासारखा उताणा झाला होता.

"शिसा समोर सरकला असंन जी," सुलोचनाबाई ओसरीवरून म्हणाली. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, बोटांत अर्धी वळलेली बिडी. "थोडा मांगं घ्या, पोटाखाली."

दुलीचंदनं डाव्या हातानं बेडूक काढला, पोटातला शिशाचा तुकडा मागं ढकलला, पुन्हा सोडला. बेडूक डुलला, विचार केल्यासारखा थांबला आणि पोटावर बसला. मागच्या बाजूनं थोडा बुडालेला, तोंड वर. अस्सा! पण तेवढ्या ढकलाढकलीत पायांचं बांधकाम सैल झालं, आणि बांधायचं काम दुलीचंदच्या हातचं नव्हतं.

"आना इकडं," असं म्हणत सुलोचनाबाईनं बिडी बाजूला ठेवली, सुपातल्या रिळाचा दोरा ओढला, आणि ट्यूबचे पाय गळाच्या दांडीला असे करकचून बांधले की बघत राहावं. तीस वर्षं बिड्या बांधणारी बोटं ती. तिला गाठीकडं बघावंही लागत नसे.

"आज मासोरी नाई लागली तं बस," दुलीचंद तिच्या बोटांकडे बघत म्हणाला. "हे धंदे बंद."

सुलोचनाबाईनं बांधलेली गाठ पुन्हा एकदा आवळली. ती म्हणाली, "लागते नं जी, काऊन नाई लागन?"

दुलीचंद जन्मभर राईस मिलमध्ये फिटर. मिलचा पट्टा कुरकुरला की मालकापासून हमालापर्यंत सगळे 'दुलीभाऊ, दुलीभाऊ' करायचे. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्याला लकव्याचा झटका आला. तोंड सरळ झालं, पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजव्या हाताची बोटं परत आली नाहीत. मिलवाल्यांनी शाल-नारळ दिला, चार लोक चांगलं बोलले, आणि घरी आल्यावर या बोलक्या माणसानं बोलणंच टाकलं. खाटेवर पडून राहायचा. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायचा.

एकदा सुलोचनाबाई बिड्या पोचवून परत आली तर खाट रिकामी. शोधते तर हा विहिरीच्या काठावर बसलेला, पाय आत सोडून.

"का करून रायले जी?"

"काई नाई. हवा खाऊन रायलो."

हवा खाऊन रायले म्हणे! त्या दिवसापासून तिनं त्याला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. बिड्या शेजारीण पोचवू लागली, बाजारहाट पुतण्या प्रफुल करू लागला. बाईनं माहेरच्या लग्नाला जायचंसुद्धा टाळलं. कुणी कारण विचारलं की म्हणायची, "कंबर दुखून रायली."

मग श्रावणात तिच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं चप्पल फेकली, यानं ती उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि ब्लेड मागितली. ब्लेड! तिचा हात धजेना. शेवटी दिली आणि समोरच फतकल मारून बसली. त्यानं चप्पल गुडघ्याखाली दाबली आणि डाव्या हातानं कोरायला घेतली. लहानपणी काकांबरोबर तळ्यात मरळ मासळी मारायला जायचो, ती खऱ्यापेक्षा खोट्या बेडकावर चवताळून येते, असं काहीबाही सांगू लागला. सांगू लागला! सुलोचनाबाई स्वयंपाक विसरून ऐकत राहिली. त्या दिवशी दोघं रात्रीच्या उरलेल्या भातावर जेवली.

तेव्हापासून घरात बेडकांचं पीक आलं. गळाची टोकं कमळाच्या पानांत अडकली, म्हणून ती पाठीला चिकटवली. मग रबर फार कडक निघालं, मासळीनं दाबलं तरी टोकं उघडी पडेनात, म्हणून पोटात चीर दिली. प्रत्येक खोड काढली. मरळ यायची, धडाक्यानं बेडूक तोंडात घ्यायची आणि थुंकून टाकायची. एकही लागली नव्हती.

प्रफुल ऑटो घेऊन आला तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. गोंदियात ऑटो चालवून त्याची अर्धी बोली हिंदी झाली होती.

"चलो काका, आज तं बडीवालीच पायजे."

गावाबाहेरची बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं छोटं तळं, काठोकाठ भरलेली होती. पाऊस संपून पाणी निवळलेलं, मधे कमळाची पानं, मातीच्या पाळीपलीकडे धानाला लोंब्या धरलेल्या. दुलीचंदनं बांबूची लांब काठी डाव्या काखेत धरली, झोका दिला. बेडूक कमळाच्या पानावर पडला, तिथून टुणकन पाण्यात. तो काठी हलकी नाचवू लागला. बेडूक पोहत होता, अगदी खऱ्यासारखा. सुलोचनाबाई पाळीवर बसून पदराचं टोक चावत होती.

पाणी फाटलं. मरळेनं बेडूक गिळला, दोरी ताणली, दुलीचंदनं झटका मारला, आणि बेडूक हवेतून उडत येऊन त्याच्याच पायाशी आपटला.

"अरे अरे अरे!" प्रफुलनं कपाळ बडवलं.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर मासळीचं डोकं दिसलं, काळंभोर. तिनं बेडूक धरला आणि दुलीचंदचा हात हलायच्या आत ओकून टाकला.

"काका, बुरा मत मानना," प्रफुल म्हणाला, "तुमचा झटका देर से पडते. मासोरी तं लागून रायली. हातच उशिरा चालून रायला."

त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण वाक्य जायचं तिथं गेलंच. दुलीचंदनं उजव्या हाताच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं.

"हो बा. हातच मेला आहे, तं का करते?" तो म्हणाला आणि काठीला दोरी गुंडाळू लागला. "चाल घरी. झाला."

तो आवाज सुलोचनाबाईच्या ओळखीचा होता. विहिरीवरून त्याला आणलं, त्या संध्याकाळचा. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिनं बेडूक उचलला. मासळीच्या दातांनी दोऱ्याचं एक टोक सुटून लोंबत होतं. कात्री घरी राहिली होती. तिनं ते टोक दातांनी तोडलं.

"थू!" ती ओरडली. "थू, थू!"

"काय झाला काकी?"

सुलोचनाबाई जिभेवरचा कडूपणा पदरानं पुसत होती. उभ्या आयुष्यात लाखो बिड्या वळल्या, पण तंबाखू तोंडाला लावली नव्हती. तिनं दोऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे, मग पाण्याकडे. अगं बाई! मासळीनंही हेच केलं होतं की!

"तंबाखू," ती म्हणाली. "दोऱ्याले तंबाखू आहे. सुपातला दोरा. माझ्या हाताचा."

प्रफुलनं बेडूक घेऊन जीभ लावली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "काकी, हा बेडूक नाई, हे तं पूरा बंडल आहे बिडीचा!" असं म्हणत तो पोट धरून हसू लागला.

दुलीचंद हसला नाही. दचकलाही नाही. तो दोरी गुंडाळत राहिला, आणि नवऱ्याचा चेहरा वाचायला सुलोचनाबाईला काही वेळ लागला नाही.

"तुमाले मालूम होता."

त्यानं काठीला दोरीचा आणखी एक वेढा दिला.

"मी का म्हनून रायली जी? तुमाले मालूम होता?"

"वास येत होता. दुसऱ्या बेडकापासूनच."

"मंग सांगतले काऊन नाई? एवढ्या मासोऱ्या सोडल्या, आता पोरगा तुमच्या हाताले नावं ठेवून रायला, तेही आयकून घेतले! डोस्का ठिकान्यावर आहे का तुमचा?"

"सांगतलो असतो तं तू हात लावली नसती," दुलीचंद पाण्याकडे बघत म्हणाला. "म्हनली असती, दुसऱ्याकून बांधून घ्या. मले दुसऱ्याचा नाई पायजे होता. तू बांधते, मी बसून पायतो. बरा वाटते मले."

प्रफुलचं हसू विरलं. तो उगाच ऑटोकडे काहीतरी आणायला गेला.

नवी नवरी होती तेव्हा सासू तिच्या हातची पोळी बाजूला सारायची. तंबाखू लागते म्हणायची. आणि हाच माणूस ती पोळी ओढून घ्यायचा, मला तर काही लागत नाही म्हणायचा. इतकी वर्षं तिला ते खरंच वाटलं होतं. तिला त्याचा राग आला, माया आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काय बोलावं ते कळेना.

"सरका तिकडं," ती एवढंच म्हणाली आणि लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात शिरली. तळचा काळा चिखल उपसून तिनं हात घासले, कोपरापर्यंत. बेडूक चिखलात लोळवला. जुना दोरा सोडून फेकला. मग पदराच्या काठाचा एक धागा ओढला, चांगला हातभर, आणि उन्हात उभी राहून सावकाश बांधला.

"चांगल्या लुगड्याचा धागा काढली वो," दुलीचंद म्हणाला.

"बेडूक टाका."

त्यानं टाकला. पानावरून पाण्यात, पाण्यातून पानाकडे. काहीच होईना. ऑटोजवळून प्रफुल परत येत होता, तेवढ्यात पाण्याखालून धडक बसली आणि दोरी तिरकी पळाली. दुलीचंद थांबला. अजून थांबला. मासळीनं बेडूक सोडला नाही. मग त्यानं काठी काखेत आवळून सगळं अंग मागं टाकलं.

काठीची कमान झाली. प्रफुल धावला, सुलोचनाबाईही धावली.

"हात नोको लावजा कोनी!" दुलीचंद गरजला. असा आवाज की पलीकडच्या बांधावरचे बगळे उडाले. "बाजूले व्हा दोघंही! माझी आहे ते!"

वर्षभरात तो पहिल्यांदा तिच्यावर ओरडला होता, आणि ती पोरीसारखी खुशीनं बाजूला झाली. तो पाय ओढत एकेक पाऊल पाळीवर चढला. मागं बघायची सोय नव्हती. घसरला, बसला, बसल्या बसल्या ढुंगणावर मागं सरकत राहिला. मरळ गवतात आली, हाताएवढी जाड, आणि धपाधप उड्या मारू लागली. बेडूक तिच्या जबड्यात नीट रुतला होता.

दुलीचंद गवतात पडून हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सुलोचनाबाईचा जीव भांड्यात पडला. तोंडावर पदर घेऊन तीही घटकाभर रडली आणि मोकळी झाली.

प्रफुलला शाळेची पोरं आणायची होती. त्यानं मरळ पिशवीत घालून काकीच्या हातात दिली. "चला, दोघाले घरी सोडतो."

"इले सोड," दुलीचंद बेडकाचा गळ सोडवत म्हणाला. "मी अजून एक टाकतो. अन् तू सावली नोको पाडू रे पान्यावर, हट तिकडं!"

सुलोचनाबाई उभी राहिली. 'मी बसते' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो तिला विसरूनही गेला होता. कमळाच्या पानांतली जागा शोधत होता, भुवया आखडून, मिलच्या एखाद्या पट्ट्याचा आवाज ऐकत असल्यासारखा.

"मी पायदळच जाते," ती प्रफुलला म्हणाली. "तू जा."

ऑटो गेला. पिशवी कमरेला टेकवून सुलोचनाबाई पाळ उतरली आणि धानाच्या बांधावरून घराकडे निघाली. मागं पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तिचं पाऊल अडलं नाही, मानही वळली नाही. घरात लसूण आहे की आणावा लागेल, हे ती आठवत होती.